न पाहिलेल्या डोळ्यांचा दाखला

आरटीओच्या फाटकाबाहेर एजंटाच्या टेबलावर, झेरॉक्सच्या मशीनशेजारी, कागदांचा एक गठ्ठा पडलेला असतो. वर अर्जदाराचे नाव नाही, वय नाही. खाली मात्र डॉक्टरची सही आणि नोंदणी क्रमांकाचा शिक्का आधीच उमटलेला. लायसन रिन्यू करायला आलेल्याने पैसे मोजायचे, एजंटाने रिकाम्या जागा भरायच्या, की झाला माणूस ‘फिट’. ना डॉक्टरने त्याला पाहिले, ना त्याने डॉक्टरला. ज्याचा मोतीबिंदू पिकत आला आहे तो फिट. ज्याला कडेचे दिसेनासे झाले आहे तो फिट. सकाळची गोळी घेतली की नाही हे ज्याला दुपारी आठवत नाही, तोही फिट! परिवहन खात्याला हे ठाऊक नाही असे कोणी म्हणेल, तर ते आम्ही ऐकून घेणार नाही. खात्याच्या अधिकाऱ्यांच्या गाड्या रोज त्याच टेबलांसमोरून आत जातात.

हा कागद म्हणजे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ‘नमुना १-अ’. चाळिशी ओलांडलेल्याला तो जोडल्याशिवाय परवाना मिळत नाही. त्यावर डॉक्टर काय लिहून देतो? अर्जदाराला मी स्वतः तपासले आहे. तपासताना त्याची दूरची नजर, ऐकण्याची शक्ती, हात-पाय आणि सांधे यांच्याकडे विशेष लक्ष दिले आहे. पंचवीस मीटरवरच्या गाडीची नंबरप्लेट त्याला दिवसाच्या चांगल्या उजेडात वाचता येते. त्याला रातांधळेपणा नाही. इतकी वाक्ये, इतकी ठाम, आणि ज्याच्याबद्दल ती लिहिली तो माणूस डॉक्टरच्या दवाखान्याची पायरीही चढलेला नाही! कायद्याने आवश्यक असलेला दाखला खोटा आहे हे ठाऊक असताना त्यावर सही करणे हा भारतीय दंड संहितेच्या १९७ व्या कलमाने खोटी साक्ष देण्याइतका गुन्हा होता, आणि नव्या न्याय संहितेतही तो गुन्हाच आहे. वैद्यकीय व्यवसायाच्या २००२ च्या आचारसंहितेत तर खोट्या दाखल्याला गैरवर्तन ठरवून डॉक्टरचे नाव नोंदवहीतून काढण्याची तरतूद आहे. मग या टेबलांवरच्या कोऱ्या सह्यांबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषद कधी स्वतःहून उठली आहे काय? पोलिसांनी कधी एजंटाच्या खणातला गठ्ठा जप्त केला आहे काय? अपघातानंतर चालकाला कोठडीत टाकायला सगळे धावतात. त्याला रस्त्यावर उतरवणारी सही कोणाची होती, हे तपासायला कोणी जात नाही.

ही लबाडी कोणत्याही वयात वाईट. पण पन्नाशी-साठीनंतर ती जिवावर उठते. म्हणूनच वय वाढेल तशी तपासणी वारंवार व्हावी, अशी कायद्याची जुनी रचना होती. पन्नाशी उलटली की दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागे. २०१९ च्या दुरुस्तीने दंडाचे आकडे फुगवले, त्याची जाहिरात देशभर झाली; पण त्याच दुरुस्तीने तपासणीतले अंतर वाढवले, हे किती जणांना माहीत आहे? आता वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी परवाना घेतलेला माणूस दहा वर्षे कोणाच्याही नजरेखाली येत नाही. पन्नाशीत घेतलेला परवाना थेट साठीपर्यंत चालतो. ट्रक-बस चालवणाऱ्याचा परवाना तीन वर्षांऐवजी पाच वर्षांचा झाला. काचबिंदू दबक्या पावलांनी येतो तो नेमक्या याच वर्षांत, आणि मधुमेह डोळ्याच्या पडद्यावर हात टाकतो तोही याच वर्षांत. पंचावन्नच्या पुढे पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण आहे खरे; पण त्याला वरची मर्यादा नाही आणि त्यासाठी लागणारा कागद तोच, फाटकाबाहेरचा. पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाला नव्वदीपर्यंत गाडी चालवण्याची परवानगी, न पाहिलेल्या डोळ्यांच्या जोरावर! आता तर आधार क्रमांक आणि ओटीपी दिला की घरबसल्या नूतनीकरण होते. पूर्वी निदान खिडकीतल्या कारकुनाला समोरच्या माणसाचा थरथरता हात दिसत असे. तेवढीही नजर आता उरलेली नाही.

आणि समजा, डॉक्टरने प्रामाणिकपणे तपासले. समजा, पंचवीस मीटरवर खरोखरच नंबरप्लेट धरली आणि अर्जदाराने ती घडाघडा वाचली. तरी काय कळले? भर उजेडात, जागच्या जागी उभे राहून, एका स्थिर वस्तूकडे टक लावून पाहता येते, एवढेच. रस्ता ही परीक्षा घेत नाही. संध्याकाळी साडेसहाला पुण्यातल्या किंवा नाशिकमधल्या एखाद्या चौकात उजवीकडे वळणाऱ्या माणसाला काय काय पाहावे लागते? समोरून सिग्नल तोडून येणारी मोटारसायकल. डावीकडून आत घुसणारी रिक्षा. उलट्या दिशेने, दिवा न लावता येणारा डिलिव्हरीवाला. झेब्रा पट्ट्यांवर अर्ध्यात अडकलेली, हातात पिशवी घेतलेली बाई. मागून कर्कश हॉर्न. हे सगळे दोन सेकंदांत टिपायचे, त्यातले काय महत्त्वाचे ते ठरवायचे आणि पाय योग्य पेडलवर ठेवायचा. नजर शाबूत असूनही हे जमेनासे होते, कारण येथे लागते ते लक्ष. अनेक गोष्टींवर एकाच वेळी पसरणारे आणि क्षणात एकीवरून दुसरीवर जाणारे लक्ष. वयानुसार मंदावते ते हे. काहींचे पन्नाशीत, काहींचे ऐंशीतही नाही.

या गोष्टी काल-परवा कळलेल्या नाहीत. अलाबामा विद्यापीठाच्या बर्मिंगहॅम येथील कार्लीन बॉल, सिंथिया औस्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे लक्ष मोजण्याची चाचणीच तयार केली. पडद्यावर क्षणभर मधोमध एक चित्र चमकते आणि त्याच क्षणी कडेला, गर्दीत दडलेले, दुसरे. मधले ओळखायचे आणि कडेचे कोठे होते तेही सांगायचे. १९९८ साली त्यांनी २९४ ज्येष्ठ चालकांचा तीन वर्षांचा मागोवा प्रसिद्ध केला. ज्यांचे हे उपयोगी दृष्टिक्षेत्र चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक आक्रसले होते, त्यांच्या हातून अपघात होण्याचे प्रमाण इतरांच्या सव्वादोन पटींच्या आसपास निघाले. याच अभ्यासकांच्या प्रयत्नांतून पुढे हेही सिद्ध झाले की हे लक्ष सरावाने सुधारता येते, आणि असा सराव केलेल्या ज्येष्ठांच्या स्वतःच्या चुकीने होणारे अपघात जवळपास निम्म्यावर आले. पंचवीस-तीस वर्षे हे ज्ञान जगासमोर आहे. आमच्या नमुना १-अ मध्ये फेफरे, चक्कर आणि मानसिक विकार यांचा एका दमात उल्लेख आहे. पण लक्षाबद्दल, प्रतिक्रियेच्या वेगाबद्दल, कडेच्या नजरेबद्दल एक अक्षर नाही.

डोळ्यांचे तर विचारूच नका. साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. बाहुली लहान झालेली असते, भिंग पिवळे पडलेले असते. मोतीबिंदू सुरू झाला असेल तर समोरून येणारा प्रकाश भिंगातच विखुरतो आणि सगळा रस्ता पांढरा होतो. अशा डोळ्यांचा माणूस नोव्हेंबर ते मार्चमध्ये कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्या रस्त्यावर रात्री गाडी घेऊन निघतो. समोरून अप्पर मारत येणारी एलईडी दिव्यांची जीप. तिचा झोत गेल्यावर डोळे जुळेपर्यंत काही सेकंद अंधार. आणि त्या अंधारात पुढे, टेललॅम्प नसलेल्या, रिफ्लेक्टर नसलेल्या, उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत चाललेला ट्रॅक्टर. ही ट्रॉली पंचविशीतल्या पोराचाही जीव घेते, मग झोतानंतर डोळे जुळायला वेळ लागणाऱ्याचे काय? दर हंगामात रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमेचे फोटो छापून येतात. कारखान्याच्या गेटवर रिफ्लेक्टरशिवाय आलेली ट्रॉली काट्यावर घेणार नाही, असा एक साधा नियम सक्तीने राबवायला कोणते साखरसम्राट आडवे येतात, हे या राज्यातल्या प्रत्येक पालकमंत्र्याला ठाऊक आहे.

आता सर्वांत संतापजनक भाग. मोतीबिंदू काढता येतो! २००२ साली याच बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी दाखवून दिले की मोतीबिंदूची शस्त्रक्रिया करून घेतलेल्या ज्येष्ठ चालकांच्या अपघातांचे प्रमाण न केलेल्यांच्या निम्म्याने कमी राहिले. आपल्या देशात अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ पासून चालू आहे. गावोगाव नेत्रशिबिरे भरतात, जिल्हा रुग्णालयांत शस्त्रक्रिया फुकट होतात, मोतीबिंदूमुक्त महाराष्ट्राच्या घोषणा याच सरकारांनी केल्या. म्हणजे रोग शोधणारे डॉक्टर सरकारकडे आहेत, बरा करणारे सरकारकडे आहेत, आणि चाळिशीपुढच्या लाखो माणसांना ठरावीक वर्षांनी डोळे दाखवायला भाग पाडणारा कायदाही सरकारकडेच आहे. या तिघांची गाठ घालून दिली असती तर आरटीओचे प्रत्येक नूतनीकरण म्हणजे एक नेत्रतपासणी झाली असती. काचबिंदू वेळेवर सापडला असता, कोणाची दृष्टी वाचली असती, कोणाचा जीव. त्याऐवजी आम्ही ती संधी एजंटाच्या टेबलावर विकली. आरोग्य खाते आणि परिवहन खाते एकाच मंत्रालयात बसतात आणि त्यांना एकमेकांचा पत्ता नाही. याला गाफीलपणा म्हणणे म्हणजे गुन्हेगाराला मानाने बोलावणे होय.

औषधांचीही हीच गत. झोपेसाठी, घबराटीसाठी दिलेली अल्प्राझोलामची गोळी सकाळपर्यंत मेंदूवर रेंगाळू शकते. वय वाढले की शरीर ती आणखी सावकाश बाहेर टाकते. सर्दी-खोकल्यावरची कित्येक औषधे डोळ्यांवर झापड आणतात. इन्सुलिन घेणाऱ्याची किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्याची साखर जेवण चुकले की भर रस्त्यात उतरते, आणि साखर उतरलेल्या माणसाला आपण गोंधळलो आहोत हेदेखील कळत नाही. औषध लिहून देताना ‘काका, गाडी चालवता का?’ हा एक प्रश्न विचारायला किती वेळ लागतो? पण रांग मोठी असते, आणि तो प्रश्न विचारला जात नाही.

अशा वेळी दुसरीकडून आरोळी उठते: म्हाताऱ्यांची लायसन्स काढून घ्या. या आरोळीचाही आम्ही तितक्याच कडक शब्दांत धिक्कार करतो. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे मेली आणि त्यांतली दोन तृतीयांश अठरा ते पंचेचाळीस वयोगटातली होती. तिब्बल सीट, विना हेल्मेट, कानाला फोन लावून सुसाट जाणारे कोण असतात, हे सगळ्यांना दिसते. ज्येष्ठ चालक बहुधा हळू चालवतात, रात्री टाळतात, पावसात घरी थांबतात. सत्तरीच्या पुढे त्यांची जोखीम वाढते हे खरे, पण तिचा काही भाग असा की तरुणाचे जेथे खरचटण्यावर निभावते तेथे त्यांचे हाड मोडते आणि माणूस पुन्हा उठत नाही. जन्मतारीख पाहून परवाना हिसकावणे हा डोळे न पाहता दाखला देण्याच्याच जातीचा आळस आहे. दोन्हींत माणसाकडे कोणी पाहतच नाही. आणि सत्तरीत रिक्षा चालवणाऱ्याला कोणत्या तोंडाने सांगणार की उद्यापासून घरी बस? तो हौसेने हँडल धरत नाही. त्याला पेन्शन नाही, म्हणून त्याची रिक्षा चालू आहे.

जपानने हा प्रश्न आधीच हाती घेतला होता, आणि रक्त सांडल्यानंतर तो आणखी लावून धरला. १९ एप्रिल २०१९ रोजी टोकियोच्या इकेबुकुरो भागात सत्त्याऐंशी वर्षांच्या एका माजी वरिष्ठ अधिकाऱ्याच्या भरधाव मोटारीने सायकलवरून जाणारी एकतीस वर्षांची आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी यांना चिरडले. गाडीत बिघाड होता, असे तो म्हणत राहिला. ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला, असा निकाल न्यायालयाने २०२१ मध्ये देऊन त्याला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. २०१९ या एका वर्षात जपानमधल्या सुमारे सहा लाख लोकांनी आपले परवाने स्वतःहून परत केले. त्यांना ते करता आले, कारण परत करण्याची व्यवस्था तेथे १९९८ पासून होती. परवाना ठेवून घेतात, त्या बदल्यात गाडी चालवल्याचे प्रमाणपत्र देतात, आणि ते दाखवले की अनेक ठिकाणी बस-टॅक्सीला सवलत मिळते. पंच्याहत्तरीपुढे नूतनीकरणाला स्मृती आणि आकलनाची चाचणी सक्तीची आहे. ठरावीक नियमभंग करणाऱ्याला २०२२ पासून प्रत्यक्ष गाडी चालवून दाखवावी लागते.

आमच्याकडे कोणी प्रामाणिकपणे म्हणाला, ‘मला आता झेपत नाही, घ्या हे लायसन,’ तर पुढे काय? पंच्याहत्तरी पार केलेल्यांना २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. चांगली गोष्ट आहे, आम्ही तिचे स्वागतच केले. पण ती सवलत शहरातल्या फेऱ्यांना नाही, आणि एसटीची पहिली पायरी गुडघे गेलेल्या माणसाच्या आवाक्यात नाही. शहरात सिटी बस कधी येईल याचा भरवसा नाही. आली तर थांब्यापासून वीस फूट पुढे जाऊन थांबते. फुटपाथवर दुकानाच्या फळ्या, पार्क केलेल्या गाड्या, उखडलेले ब्लॉक. दवाखान्यात जायचे तर रिक्षावाला जवळचे भाडे नाकारतो. अडुसष्ट वर्षांची निवृत्त शिक्षिका गुडघ्यावर पट्टा बांधून ॲक्टिव्हा काढते ती हौसेने नव्हे. महापालिकेने तिला दुसरा मार्गच ठेवलेला नाही. दर नोव्हेंबरला तिने बँकेत हयातीचा दाखला द्यायचा असतो. ती जिवंत आहे की नाही याची सरकारला एवढी चौकशी, कारण तेथे सरकारचा पैसा जातो. तिला दिसते की नाही याची चौकशी नाही, कारण तेथे जातो तो फक्त तिचा किंवा रस्त्यातल्या कोणा परक्याचा जीव!

घरच्यांनाही आम्ही सोडणार नाही. सोसायटीच्या पार्किंगमध्ये बाबांच्या गाडीचा डावा कोपरा महिन्यात दुसऱ्यांदा खांबाला घासला, हे सुनेला दिसते. रोजच्या रस्त्यावर वळण चुकले, हे नातवाला दिसते. आणि कोणी बोलत नाही, कारण बाबा चिडतील. न्यू जर्सीतला मुलगा क्लचचा त्रास नको म्हणून आई-वडिलांसाठी ऑटोमॅटिक गाडी बुक करतो आणि आपले कर्तव्य झाले असे मानतो. चाळीस वर्षे डावा पाय क्लचवर आणि हात गिअरवर ठेवून चालवलेल्या माणसाच्या हाती ती गाडी देताना चार दिवस शेजारी बसून सराव करून घ्यावा लागतो, पार्किंगमधून पुढे-मागे करायला लावावे लागते. त्यासाठी सुट्टी काढायला हवी. वडिलांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायला, औषधांची चिठ्ठी घेऊन ‘यातल्या कोणत्या गोळीने झापड येते?’ असे विचारायला मुलांना वेळ नसेल, तर अपघातानंतर इस्पितळाच्या दारात रडायला त्यांनी वेळ कोठून आणायचा?

राज्य सरकारने नमुना १-अचा हा बाजार ताबडतोब बंद केला पाहिजे. चाळिशीपुढच्या प्रत्येक नूतनीकरणाला नजरेची आणि कडेच्या दृष्टीची तपासणी सरकारी दवाखान्यात किंवा आरटीओच्या आवारातच, पैसे न घेता झाली पाहिजे. मोतीबिंदू, काचबिंदू सापडला तर तेथूनच शस्त्रक्रियेची तारीख हातात पडली पाहिजे. लक्षाची चाचणी संगणकावर काही मिनिटांत होते. साठीनंतर ती सक्तीची करा. जो कमी पडेल त्याच्या परवान्यावर लगेच फुली मारू नका. त्याच्या शेजारी प्रशिक्षित निरीक्षक बसवून त्याच्याच रोजच्या रस्त्यावर त्याला गाडी चालवू द्या. दिवसा जमते आणि रात्री जमत नाही, असे दिसले तर फक्त दिवसाचा परवाना द्या. ज्याला खरोखरच झेपत नाही त्याचा परवाना सन्मानाने परत घ्या आणि त्याच दिवशी शहरातल्या बसचा मोफत पास त्याच्या हाती द्या. पैसा नाही, ही सबब आम्ही मान्य करणार नाही. वाहतूक दंडाच्या ई-चलनांतून आणि वाहन नोंदणीच्या करातून तिजोरीत येणारा पैसा याच रस्त्यांवरून आलेला आहे.

कोरे दाखले विकणाऱ्यांचा बंदोबस्त करायला तर कोणता नवा कायदाही नको. दाखल्यावर डॉक्टरचा नोंदणी क्रमांक असतो आणि दाखले संगणकावर चढतात. कोणत्या क्रमांकाने एका दिवसात किती माणसे तपासली, हे खात्याला एका दुपारी काढता येईल. परिवहनमंत्र्यांनी पुढच्या अधिवेशनात ती यादी सभागृहासमोर ठेवावी. गेल्या वर्षी नमुना १-अवर सर्वाधिक सह्या करणारे पहिले शंभर डॉक्टर कोण, त्यांच्यापैकी किती जणांच्या दवाखान्यात भिंतीवर दृष्टितक्ता आहे, आणि किती जणांवर गुन्हे दाखल झाले?